पावसाळ्यानंतर फुटबॉल मैदानाची डागडुजी

गणेश चवथ आटोपून पाऊस उघडीप देऊ लागला की गोव्यातल्या मैदानांची खरी अवस्था दिसते: कडेला हिरवेगार, गोलपोस्टपुढे नुसता लाल चिखल. हरळी लावायला सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा काळ चांगला. डिसेंबरच्या गार रात्रींत तिची वाढ मंदावते.

लावणी फसते ती बहुतेक वेळा घट्ट जमिनीमुळे. ओली जांभी माती बुटांखाली दाबली जाते, पाणी मुरत नाही आणि मुळे वरच्या थरातच अडकतात. अशा जागी कितीही युरिया टाका, उपयोग नाही. लांब स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. 10 सेंटीमीटर सहज गेला नाही तर पिकासाने 10 ते 15 सेंटीमीटर खणून खडे वेचावेत. माती हाताला चिकटत असेल तर दोन दिवस थांबावे, नाहीतर ढेकळे विटांसारखी वाळतात.

गोलपुढची छोटी चौकट सुमारे 100 चौरस मीटरची असते. तेवढ्या जागेला 1 घनमीटर नदीची रेती, अर्धा घनमीटर चांगले कुजलेले शेणखत आणि 3 किलो सिंगल सुपर फॉस्फेट मातीत मिसळावे. किनाऱ्यावरची रेती नको, तिच्यात मीठ असते. माती परीक्षणात सामू (पीएच) 5.5 च्या खाली आला तर 20 किलो डोलोमाइटही घालावे. पृष्ठभाग किंचित उंच ठेवावा, पाणी देऊन दाबल्यावर माती बसतेच.

बेणे मैदानाच्या कडेचेच घ्यावे. विकतच्या रोलपेक्षा ते स्वस्त आणि इथल्या मातीत रुळलेले. मात्र लव्हाळ्याची एकही गाठ सोबत येता कामा नये. तीन-चार पेरांचे तुकडे 10 सेंटीमीटर अंतरावर, दोन पेरे मातीत आणि शेंडा वर, असे लावून हलका रोलर फिरवावा. काढलेले बेणे ओल्या गोणपाटात ठेवून त्याच दिवशी लावावे.

पहिले दहा-बारा दिवस दिवसातून दोन-तीनदा हलके पाणी, नंतर दिवसाआड पण भरपूर. खाजनालगतच्या (खाडीकाठच्या सखल, खारट जमिनीजवळच्या) विहिरीचे पाणी आधी चाखून पाहा. मचूळ लागले तर वापरू नका. तीन आठवड्यांनी तेवढ्याच जागेला 1 किलो युरिया फेकून लगेच पाणी द्यावे. गवत 5 सेंटीमीटर झाले की साडेतीनवर कापावे. नारळाच्या दाट सावलीत हरळी टिकत नाही, तिथे कार्पेट ग्रास लावा.

सहा ते आठ आठवडे खेळ बंद. पोरे ऐकणार नाहीत, म्हणून सरावाचे गोल दुसरीकडे हलवावेत. उघडण्यापूर्वी चिमटीत गवत धरून ओढा; मुळासकट वर आले तर आणखी दहा दिवस दोरी बांधलेलीच राहू द्या.