गाडीच्या कर्जाला जामीन राहताय? या चुका टाळा

हापूसचा हंगाम जवळ आला की रत्नागिरी-सिंधुदुर्गात पिकअप, टेम्पोची कर्जं निघतात. कर्जदार वाडीतला आणि जामीनदार बहुधा त्याचाच नोकरदार नातेवाईक. कायद्याने जामीनदाराला बरेच हक्क दिले आहेत, पण हातात कागद नसेल तर ते बजावता येत नाहीत.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज म्हणजे "आधी गाडी ओढून न्या, कमी पडलं तर माझ्याकडे या." भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते. बँकेने आधी कर्जदाराच्या मागे लागावं असा आग्रह धरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्येच बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद प्रकरणात स्पष्ट केलं. आरसीवर मात्र नाव कर्जदाराचं आणि बोजा वित्तसंस्थेचा. त्यामुळे हप्ते थकले म्हणून गाडी परस्पर उचलून आणू नका.

कोऱ्या फॉर्मवर सही नको. रक्कम, व्याजदर, हप्ते, चेसिस नंबर भरलेला पाहा, रिकाम्या जागांवर रेघ मारा, प्रत लेखी मागून अर्जाची पोच घ्या. सहकर्जदार म्हणून सही केलीत तर ते तुमचंच कर्ज ठरतं. "यापुढील सर्व कर्जांसाठी" असे शब्द दिसले तर काढून टाकायला लावा.

हप्ते थकल्यावर "जामीन मागे घेतो" असं पत्र देऊन सुटका होत नाही. कलम १३० खाली फक्त पुढच्या व्यवहारांपुरती हमी मागे घेता येते, दिल्या गेलेल्या कर्जापुरती नाही. आंबा बुडाला म्हणून संस्थेने तुम्हाला न विचारता कर्जदाराला मुदत वाढवून दिली, तर कलम १३३ आणि १३५ तुमच्या बाजूने आहेत, म्हणजे तुम्ही जबाबदारीतून सुटू शकता. पण छापील करारात हे हक्क सोडल्याची अट बऱ्याचदा असते. सहीआधी ती शोधा. संस्थेने नुसती वसुलीत ढिलाई केली, तर कलम १३७ मुळे तुम्ही मोकळे होत नाही.

पैसे भरायची वेळ आलीच तर कर्जदाराच्या किंवा वसुलीवाल्याच्या हातात रोख देऊ नका. इथेच अनेकांचे पैसे कायमचे जातात. तुमच्या खात्यातून थेट कर्जखात्यात भरा आणि पावतीवर "जामीनदाराकडून भरणा" लिहून घ्या. याच पुराव्यावर कलम १४५ नुसार कर्जदाराकडून रक्कम परत मागता येते. पूर्ण देणं फेडलंत तर कलम १४० आणि १४१ मुळे गाडीवरच्या तारणाचा हक्कही तुमच्याकडे येतो. दुसरा जामीनदार असेल तर, वेगळं ठरलं नसल्यास, कलम १४६ नुसार वाटा निम्मा-निम्मा. कर्जदारावर दावा लावायला पैसे भरल्यापासून ३ वर्षं मिळतात.

मुंबईत राहणाऱ्यांनी पत्ता बदलल्याचं संस्थेला लेखी कळवा. नाहीतर नोटीस गावच्या बंद घरावर जाते आणि कर्ज पतसंस्थेचं किंवा सहकारी बँकेचं असेल, तर महाराष्ट्राच्या सहकार कायद्याच्या कलम १०१ खालचा वसुली दाखला (थकबाकी वसूल करण्याचा सरकारी आदेश) निघाल्यावरच समजतं. त्याविरुद्ध कलम १५४ खाली पुनरीक्षण अर्ज (वरिष्ठांकडे फेरतपासणीची मागणी) करायचा तर येणे रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात, म्हणून आधीच सहकार खात्याच्या उपनिबंधकांपुढच्या सुनावणीलाच हजर राहा आणि पावत्या जोडून लेखी म्हणणं द्या.