कुत्र्याच्या पंजाला लागलं तर घरी काय करायचं

कुत्रा एक पाय उचलून लंगडत आला की घरातले आधी पट्टी शोधायला धावतात. खरं तर पट्टीचा नंबर शेवटचा, आणि निम्म्या वेळा तिची गरजही पडत नाही. पंजाची छोटी जखम नीट धुतली, कोरडी ठेवली आणि कुत्र्याला ती चाटू दिली नाही, तर ती आपणहून भरते. उलट ओली राहिलेली किंवा करकचून बांधलेली पट्टी साध्या चिरेचं मोठं दुखणं करून ठेवते.

आधी घरचं काम की डॉक्टरचं, ते ठरवा. वरवरचं खरचटणं, पंजाच्या तळव्यावरच्या गादीची साल निघणं, सेंटिमीटरभराच्या आतली उथळ चीर, टोक बाहेर दिसणारा काटा, नखाचं टोक तुटणं, एवढं घरी होण्यासारखं आहे. चीर तोंड वासून उभी असेल, आत गुलाबी मांस किंवा चरबी दिसत असेल, खिळ्यासारखं काही खोल घुसलं असेल, बोट वाकडं दिसत असेल किंवा रक्त उसळून उसळून येत असेल, तर स्वच्छ कापडाने दाबून धरा आणि सरळ दवाखाना गाठा. दुसऱ्या प्राण्याने चावून झालेली जखम कितीही बारीक दिसली तरी घरची नाही. दाताचं भोक वरून लगेच मिटतं आणि आत पू धरतो, शिवाय रेबीजच्या लसीचा प्रश्न असतो.

पंजा असा का वागतो

प्रत्येक पंजाला चार बोटांच्या चार गाद्या आणि मध्ये एक मोठी गादी. पुढच्या पायांना मनगटामागे आणखी एक छोटी गादी असते. गादीची कातडी जाड आणि खरखरीत, तिच्याखाली चरबी आणि भरपूर रक्तवाहिन्या. म्हणून लहानशा चिरेनेही फरशीभर रक्ताचे ठसे उमटतात. ते पाहून घाबरू नका, रक्ताच्या प्रमाणावरून जखमेची खोली कळत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे पाय टेकला की गादी पसरते आणि चीर उघडते. म्हणूनच गादीवर घातलेले टाकेसुद्धा पुष्कळदा ओढले जातात आणि म्हणूनच विश्रांती हे इथे खरं औषध आहे. तिसरी गोष्ट, कुत्र्याला पंजांना घाम येतो. बाहेर पाण्याचा थेंबही नसला तरी पट्टी आतून दमट होत जाते.

हाताळणी आणि तपासणी

दुखणाऱ्या पायाला हात लावला की अत्यंत प्रेमळ कुत्राही चावू शकतो. ही चिडचिड नाही, प्रतिक्षिप्त क्रिया आहे. मुसकं नसेल तर रुंद गॉझची पट्टी नाकावरून एक फेरा, हनुवटीखाली गाठ, मग दोन्ही टोकं कानांमागे नेऊन सुटेल अशी बांधा. मात्र कुत्रा धापा टाकत असेल, उलटी करत असेल किंवा त्याचं नाक चपटं असेल तर तोंड बांधू नका. एवढं करूनही दात लागलाच तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि स्वतः डॉक्टरकडे जा.

कुत्र्याला कुशीवर झोपवा. एकाने मान आणि खांदा धरावा, दुसऱ्याने पाय. गादीपुरतं पाहून थांबू नका. बोटं एकेक करून फाकवा, नखांची मुळं पाहा, आतल्या बाजूच्या वरच्या अंगठ्याचं नख पाहा, ते वाढून कातडीत रुतलेलं असू शकतं. सूज आहे की नाही हे समजत नसेल तर दुसरा पंजा शेजारी धरून बघा.

काचेचा बारीक कण शोधायचा तर टॉर्च समोरून न मारता पंजाच्या कडेने तिरका धरा. सपाट उजेडात काच दिसत नाही, तिरक्या उजेडात चमकून उठते. दिसली नाही तर बोटाच्या टोकाने गादी चहूकडून हलकेच दाबत जा. खरचटलं असेल तर कुत्रा सगळीकडेच थोडा कुरकुरतो. काही रुतलं असेल तर नेमक्या एकाच ठिकाणी पाय हिसकतो.

रक्त थांबवणं

गॉझची किंवा स्वच्छ रुमालाची घडी जखमेवर ठेवून सलग ५ ते १० मिनिटं दाबून धरा. दर अर्ध्या मिनिटाला उचलून बघण्याचा मोह आवरा. प्रत्येक वेळी नुकती धरलेली गुठळी तुम्हीच उखडता. घडी भिजली तर तिच्यावरच दुसरी ठेवा. १५ मिनिटांनंतरही रक्त वाहत असेल तर घरचे उपाय संपले.

नख तुटून रक्त येत असेल तर नखाच्या टोकावर रक्त थांबवायची स्टिप्टिक पावडर दाबा, ती नसेल तर कॉर्नफ्लॉवर चालतं. स्टिप्टिक पावडर नखापुरतीच, कातडीच्या जखमेत नको, ती झोंबते. नख मुळाशी चिरून लोंबत असेल तर ओढून काढू नका. आतल्या जिवंत भागाला मज्जातंतू असतात आणि ती वेदना बधिर केल्याशिवाय कुणालाच सोसत नाही.

धुणं

सगळ्या उपचारात सर्वांत जास्त वेळ इथे द्या. उकळून कोमट केलेल्या अर्ध्या लिटर पाण्यात मिठाचा एक सपाट छोटा चमचा, म्हणजे साधारण ५ ग्रॅम, विरघळवा. २० मिलिलिटरची सिरिंज सुई काढून भरा आणि जखमेवर तिरक्या धारेने मारत राहा. माती, वाळू, केस निघून पाणी स्वच्छ येईपर्यंत. पाच-सहा सिरिंज सहज लागतात. मीठ-पाणी तयार नसेल तर नळाच्या कोमट पाण्याची धार चालेल, तयार होण्याची वाट बघत बसू नका. जखम कापसाने पुसू नका, त्याचे तंतू आत अडकतात.

बोटांमधले केस जखमेत येत असतील तर कापण्याआधी जखमेवर पाण्यात विरघळणारी वंगणाची जेली लावा. कापलेले केस जेलीला चिकटतात आणि धुताना निघून जातात. गोल टोकाची कात्री वापरा.

काटा किंवा काच वर दिसत असेल तर चिमटा स्पिरिटने पुसून, ज्या तिरकसपणे ती आत गेली आहे त्याच दिशेने ओढा. सरळ वर ओढली तर आत तुटते. दिसत नसलेली वस्तू सुईने उकरून शोधू नका. गवताचं कुसळ घुसलं असेल तर ते एका जागी थांबत नाही, कातडीखालून वर सरकत जातं. बोटांमध्ये फोड येऊन पुन्हा पुन्हा फुटत असेल तर हा संशय घ्या आणि डॉक्टरला दाखवा.

भाजलं असेल, तापलेल्या रस्त्याने किंवा आणखी कशाने, तर किमान १० मिनिटं गार पाण्याची धार. बर्फ नको. फोड आले किंवा गादीचा थर सुटला तर घरी थांबू नका.

धुतल्यावर जंतुनाशक, पण पातळ करून. पोव्हिडोन आयोडीनचं द्रावण पाण्यात कोऱ्या फिक्या चहासारखा रंग येईपर्यंत पातळ करा. किंवा २ टक्क्यांचं क्लोरहेक्सिडीन १०० मिलिलिटर पाण्यात अडीच मिलिलिटर. बाटलीवर 'स्क्रब' लिहिलं असेल तर त्यात साबण असतो, तो उघड्या जखमेत नको. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि स्पिरिट जंतूंबरोबर नव्या पेशीही मारतात. डेटॉलसारखी फिनॉल वर्गातली जंतुनाशकं आणि टी ट्री ऑइल कुत्र्याने चाटली तर विषारी ठरू शकतात. शेवटी गॉझने टिपून, बोटांच्या फटींसकट, कोरडं करा.

पट्टी: हवी असेल तरच

खरचटलेल्या पंजाला घरात पट्टी नको. बाहेर जाताना सुती मोजा आणि आत आल्यावर काढून ठेवणं, एवढं पुरतं. चीर सारखी उघडत असेल किंवा जमिनीला घासून पुन्हा रक्त येत असेल तर मात्र बांधा.

जखमेवर आधी न चिकटणारं ड्रेसिंग. मग बोटांमध्ये कापसाच्या बारीक वाती: बोटं चार, म्हणजे फटी तीन, आणि अंगठ्याच्या नखाखाली एक. या वाती घाम शोषतात, नाहीतर दोन दिवसांत फटी पांढऱ्या पडून सोलवटतात. वात जाड केली तर बोटं फाकतात आणि कुत्रा बेचैन होतो.

त्यावर मऊ कापसाचा रोल, बोटांकडून वर, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर निम्मा चढवत, दोन-तीन थर. हा रोल जास्त ओढला तर तुटतो, त्यामुळे इथे चूक व्हायची भीती कमी. त्यावर गॉझचा रोल आणि शेवटी स्वतःलाच चिकटणारी लवचीक पट्टी. खरा धोका या शेवटच्या पट्टीचा. ती रोलमध्ये ताणून गुंडाळलेली असते, म्हणून आधी पुरेशी उलगडून सैल करा आणि मग अलगद ठेवत गुंडाळा, ओढत नाही. वरच्या टोकाला कापूस सेंटिमीटरभर बाहेर दिसू द्या, म्हणजे पट्टीची कड कातडीत रुतणार नाही. पट्टीखाली दोन बोटं जायला हवीत.

फक्त पंजाभोवती बांधलेली पट्टी घसरते आणि घसरून पायाभोवती कडं बनते. पुढच्या पायाला ती मनगटाच्या वरपर्यंत न्या, मागच्या पायाला पंजा आणि घोटा यांच्या निम्म्या उंचीच्या वर. मधल्या दोन बोटांची नखं उघडी ठेवा. हीच तुमची खिडकी: बांधल्यावर तासा-दोन तासांनी आणि नंतर दिवसातून तीनदा बघा. ती दोन नखं एकमेकांपासून लांब गेलेली दिसली तर बोटं सुजली आहेत. बोटं गार लागली, वास आला, कुत्रा अचानक पट्टी कुरतडायला लागला, तर रात्र असली तरी लगेच कापून काढा. पट्टी टिकावी म्हणून रबरबँड कधीही लावू नका. केसांत दिसेनासा होतो आणि पाय कापत जातो.

बाहेर नेताना वरून प्लास्टिकची पिशवी, घरात आल्याबरोबर काढायची. पट्टी रोज बदला आणि ओली झाली तर तेव्हाच, घड्याळ न पाहता.

चाटणं आणि औषधं

लाळेने जखम बरी होते हा समज सोडून द्या. खरखरीत जिभेने नवी कातडी निघते आणि तोंडातले जंतू आत जातात. गळ्यात प्लास्टिकचा शंकू घाला, नाकाच्या टोकापुढे थोडा येईल इतका लांब. हवा भरलेली गोल उशी पंजासाठी कुचकामी आहे, कुत्रा तिच्यावरून आरामात पाय गाठतो. जखम उघडी ठेवली असेल तर माश्यांपासून जपा. अंडी घातली की दिवसभरात किडे पडू शकतात. किडे दिसले तर ते घरचं काम नाही.

माणसांची वेदनाशामकं देऊ नका. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकने पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, पॅरासिटामॉलने यकृत. दुखऱ्या पायावर डायक्लोफेनॅकचं जेल चोळणंही तेवढंच वाईट, कारण ते चाटून पोटातच जातं. झिंक ऑक्साइडचं मलमही नको. स्टेरॉइड मिसळलेली मलमं जखम भरू देत नाहीत, आणि आधीच्या दुखण्यातून उरलेली अँटिबायोटिकं अंदाजाने देण्यात काही अर्थ नाही.

पुढचे दिवस

खरचटलेलं आठवड्याच्या आत भरतं. गादीचा पूर्ण थर कापला असेल तर दोन-तीन आठवडे धरा. तोवर उड्या, जिना, पळापळ बंद. शी-शूपुरतं दोरीला धरून पाच-दहा मिनिटं. रोज एकदा बघा. दोन दिवसांत लंगडणं कमी व्हायला हवं. २४ तासांत पाय टेकवलाच नाही, सूज वर चढली, पू किंवा दुर्गंधी आली, कुत्रा खाईना, तर डॉक्टरकडे.

नवी गादी गुलाबी आणि पातळ येते. ती मऊ राहावी म्हणून क्रीम चोळू नका, मऊ गादी खडबडीत जमिनीवर लगेच फाटते. आधी घरातली फरशी आणि गवत, मग थोडा थोडा डांबरी रस्ता. दुपारी रस्त्यावर नेण्याआधी हाताची पालथी बाजू सात सेकंद जमिनीवर टेकवून पाहा. तुम्हाला सोसलं नाही तर त्याच्या नव्या गादीलाही सोसणार नाही.