उत्पन्नाच्या दाखल्याचं पान असं लिहा की माणसाला तहसीलला दुसरी चक्कर पडू नये

जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या वेबसाईटचा मजकूर लिहायचं काम बहुतेक वेळा ऑफिसातल्या एखाद्या क्लार्ककडे नाहीतर कॉन्ट्रॅक्टवरच्या ऑपरेटरकडे येतं, वर "साहेबांना आजच पाहिजे" असतंच, त्यांच्यासाठी हे लिहितेय. उदाहरण एकच घेऊ, उत्पन्नाचा दाखला, कारण ॲडमिशनच्या सीझनला घरोघरी त्याचीच धावपळ असते.

लिहायला बसायच्या आधी तासभर सेतू केंद्रात जाऊन बसा. खिडकीवर लोक काय विचारतात ते त्यांच्याच शब्दात वहीत उतरवा. "किती दिवसात मिळेल", "तलाठ्याचा रिपोर्ट लागतो का", "एक वर्षाचा काढू का तीन वर्षांचा", "वडील नाहीत तर कोणाच्या नावाने". हेच प्रश्न पानावर हेडिंग म्हणून टाका, पहिल्यांदा जे सगळ्यात जास्त विचारतात ते. योजनेची पार्श्वभूमी, शासन निर्णयाचा क्रमांक, दिनांक हे सगळं खाली, लिंक देऊन.

आता मजकूर. नेहमी असं काहीतरी असतं:

"अर्जदाराने विहित नमुन्यातील अर्जासोबत आवश्यक कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती जोडून सदर अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे सादर करावा."

यात चूक काही नाही पण हे वाचून घरातून निघताना पिशवीत काय टाकायचं ते कळत नाही. हेच असं लिहा:

"अर्ज आपले सरकार पोर्टलवर किंवा जवळच्या सेतू केंद्रात करा. आधार कार्ड किंवा मतदार ओळखपत्र घ्या. पत्त्यासाठी रेशन कार्ड किंवा लाईट बिल घ्या. उत्पन्नाचा पुरावा घ्या: नोकरी असेल तर फॉर्म १६, शेती असेल तर सातबारा, आठ-अ आणि तलाठ्याचा अहवाल, यातलं काही नसेल तर नुसता तलाठ्याचा अहवाल. झेरॉक्सवर स्वतः सही करा. दाखला तहसील कार्यालयातून १५ दिवसांत मिळतो."

बघा, दुसरा मजकूर पहिल्यापेक्षा चांगला लांब झालाय, होऊ दे, सोपं लिहायचं म्हणून कागदपत्रांची नावं गाळू नका, मजुरी बुडवून आलेल्या बाईला "अजून एक कागद राहिला" म्हणून परत पाठवण्यापेक्षा चार ओळी जास्त बऱ्या. आणि साक्षांकित प्रतींचं जुनं वाक्य अजून पानावर राहिलं असेल तर आधी ते काढा, स्वतःच्या सहीची प्रत आणि स्वयंघोषणापत्र चालेल असं राज्य सरकारने २०१५ मध्येच ठरवलंय, आपल्या एका शिळ्या वाक्यामुळे लोक अजून सही-शिक्क्यासाठी कोणाकोणाच्या दारात उभे राहतात.

एक वर्ष की तीन वर्षं हे मोठ्या अक्षरात लिहा. ओबीसी वगैरे आरक्षणासाठी जो नॉन क्रिमीलेअर दाखला लागतो त्याला तीन वर्षांचं उत्पन्न लागतं, लोक एक वर्षाचा दाखला काढून बसतात आणि मग शेवटच्या तारखेला रडारड. दाखला कशासाठी पाहिजे ते आधी विचारा आणि त्याप्रमाणे दोन वेगळे रस्ते दाखवा.

पदांची नावं लिहिताना जरा जपून. २०२४ मध्ये तलाठ्याचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालं पण गावात आणि मोबाईलवर सर्च करताना माणूस तलाठीच टाईप करतो, तेव्हा "तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी" असं एकदा लिहा आणि पुढे तलाठी चालू ठेवा. अपिलाच्या कागदावर जे शब्द असतात, पदनिर्देशित अधिकारी (म्हणजे मुदतीत दाखला द्यायची जबाबदारी ज्याच्यावर आहे तो अधिकारी) वगैरे, ते मात्र बदलू नका, पहिल्यांदा येतील तिथेच अर्थ सांगून टाका.

दाखला नाकारला तर किंवा मुदतीत आलाच नाही तर काय, हे बऱ्याच पानांवर नसतंच, आणि मला विचाराल तर माणसाला सगळ्यात गरज त्याचीच असते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे नाकारायचं तर कारण लेखी द्यावं लागतं, आणि ३० दिवसांच्या आत पहिलं अपील करता येतं, ते प्रथम अपील अधिकाऱ्याकडे. त्यानंतर दुसरं अपील, शेवटी राज्य सेवा हक्क आयोग. हे सगळं "तुम्ही" म्हणून लिहा: "तुम्ही ३० दिवसांत अपील करू शकता." "अर्जदारास अपील अनुज्ञेय राहील" वाचून आपल्याबद्दलच बोलतायत हे कोणाला कळणार.

वरून "भाषा शासकीय वाटत नाही" असा शेरा आला तर वाद घालू नका, माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ चं कलम ४(४) दाखवा, माहिती देताना स्थानिक भाषा आणि त्या भागात सगळ्यात परिणामकारक ठरेल ती पद्धत बघायची असं तिथे स्पष्ट आहे. शासन निर्णय आहे तसा राहू दे, त्याला कोण हात लावत नाही.

स्कॅन केलेला तिरका पीडीएफ टाकून मोकळं होऊ नका. तो सर्चमध्ये नीट सापडत नाही, अंध माणसाचा स्क्रीन रीडर तो वाचू शकत नाही, छोट्या मोबाईलवर तर बघवतच नाही. मजकूर युनिकोडमध्ये टाईप करा, जुन्या फॉन्टमधली फाईल असेल तर कन्व्हर्ट करून घ्या आणि नंतर एकदा डोळ्याखालून घाला, जोडाक्षरं आणि रफार हमखास फुटतात.

पब्लिश करायच्या आधी ऑफिसबाहेरच्या कोणालातरी, शिपायाच्या घरच्यांना, चहावाल्याला, पान मोबाईलवर द्या आणि "समजलं का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "उद्या निघालात तर बरोबर काय घ्याल, कुठे जाल?" विचारा. जिथे अडखळतील ते वाक्य परत लिहा.

पानाच्या शेवटी शेवटच्या बदलाची तारीख आणि खरोखर उचलला जाणारा फोन नंबर टाका, आणि १ एप्रिलला नवीन आर्थिक वर्ष लागलं की पान पुन्हा उघडून वर्षं तपासा, "२०२३-२४ चे उत्पन्न" असं तीन वर्षं तसंच राहिलं की लोक तसाच अर्ज भरतात.