पायथॉनमध्ये क्वेरीच्या निकालातून कॉलमची माहिती कशी मिळवावी

पायथॉनमधून एसक्यूलाइट या डेटाबेसवर सिलेक्ट क्वेरी (माहिती वाचण्याची आज्ञा) चालवल्यावर कॉलमची नावे हवी असतील, तर कर्सरचा (क्वेरी चालवून निकाल देणाऱ्या ऑब्जेक्टचा) ‘डिस्क्रिप्शन’ हा गुणधर्म वाचावा. त्यात प्रत्येक कॉलममागे 7 घटकांचा एक टपल (क्रमवार संच) असतो. पहिला घटक म्हणजे नाव. उरलेले सहा एसक्यूलाइटच्या बाबतीत नेहमी ‘नन’ (None, म्हणजे किंमत नाही) असतात, त्यामुळे डेटा प्रकार तेथे शोधू नये, त्यासाठी ‘प्राग्मा टेबल_इन्फो’ ही आज्ञा वापरावी. निकालात एकही ओळ नसली तरी नावे मिळतात, आणि रिकाम्या अहवालालाही शीर्षकओळ देता येते ही सोय मला फार मोलाची वाटते. इन्सर्ट किंवा अपडेटनंतर मात्र (बदललेल्या ओळी परत देणारे ‘रिटर्निंग’ जोडले नसल्यास) हा गुणधर्मच ‘नन’ असतो, म्हणून लूप लावण्यापूर्वी तो तपासावा.

खरी काळजी जॉइनमध्ये, म्हणजे दोन टेबले जोडणाऱ्या क्वेरीत, घ्यावी लागते. विद्यार्थी आणि शाळा या दोन्ही टेबलांत ‘आयडी’ असेल आणि नावांवरून डिक्शनरी (नाव-किंमत जोड्यांचा संग्रह) बनवली, तर नंतरची किंमत आधीच्या किमतीवर बसते आणि कोणतीही एरर न येता विद्यार्थ्याचा आयडी हरवतो. अशा वेळी ‘अ‍ॅज’ वापरून ‘विद्यार्थी_आयडी’ आणि ‘शाळा_आयडी’ अशी वेगळी नावे क्वेरीतच द्यावीत. ‘काउंट’सारख्या गणनेलाही तसेच नाव द्यावे, कारण ‘अ‍ॅज’ नसताना कॉलमचे नाव काय येईल याची हमी एसक्यूलाइट देत नाही.