ॲलर्जीची रक्ततपासणी: कोळंबी सोडण्याआधी या चुका टाळा

मृगाचा पाऊस सुरू झाला की कोकणातल्या घरांत गाद्या-गोधड्या दमट होतात, भिंतींना बुरशी चढते आणि सकाळी उठल्याउठल्या शिंकांची माळ लागते. मग कोणीतरी सांगतं, "रक्त तपासून घे." जरूर घ्या, पण नेमकं काय तपासणार ते आधी विचारा.

स्वस्त पडते म्हणून पुष्कळजण नुसती 'टोटल आयजीई' (ॲलर्जीशी संबंधित आयजीई प्रतिपिंडांचं रक्तातलं एकूण प्रमाण) करतात. हा आकडा पोटात जंत असले तरी वाढतो, आणि तो नॉर्मल असूनही ॲलर्जी असू शकते. कशाची आहे, हे तर त्यातून कळतच नाही. त्यासाठी 'स्पेसिफिक आयजीई' लागते: माइट (गाद्या-गोधड्यांच्या धुळीत राहणारे सूक्ष्म जीव), बुरशी, झुरळ, परागकण यांची वेगवेगळी. 'आयजीजी' या वेगळ्या प्रतिपिंडांच्या महागड्या पॅनलवर (अनेक तपासण्यांच्या संचावर) मात्र पैसे घालवू नका, ॲलर्जीच्या निदानाला त्याचा उपयोग नाही.

माझ्या मालवणच्या मावशीला त्रास फक्त शिंकांचा. तिने मोठं पॅनल केलं, त्यात माइटबरोबर कोळंबीही पॉझिटिव्ह आली. जन्मभर खाल्लेली कोळंबी तिने त्याच दिवशी सोडली. वाईट वाटतं, कारण कोळंबी पॉझिटिव्ह येण्यामागचं कारण साधं आहे. माइट आणि कोळंबी दोघांतही ट्रोपोमायोसिन नावाचं बरंचसं सारखं प्रथिन असतं. माइटविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं कोळंबीलाही ओळखतात, आणि रिपोर्टवर तेवढंच उमटतं. खाऊन कधीच काही झालं नसेल, तर निव्वळ रिपोर्टवरून ताट बदलू नका, डॉक्टरांना विचारा. पण कोळंबी खाऊन ओठ सुजले असतील, अंगावर गांधी उठल्या असतील किंवा घसा आवळला असेल, तर घरी पुन्हा खाऊन बघायचं नाही.

दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवून "वाढलं की कमी झालं" हेही ठरवू नका. पद्धत वेगळी असली की आकडे जुळत नाहीत. स्पेसिफिक आयजीईचा आकडा ०.३५ च्या वर गेला की पॉझिटिव्ह धरण्याची रीत जुनी आहे. मोठा आकडा म्हणजे मोठा त्रास, असं नाही.

त्वचेवरची प्रिक टेस्ट (ॲलर्जीच्या पदार्थाचा थेंब ठेवून त्वचेला हलकं टोचतात) १५-२० मिनिटांत निकाल देते, पण त्याआधी शिंकांच्या गोळ्या काही दिवस बंद ठेवाव्या लागतात. रक्ततपासणीला ती अट नाही, उपाशी राहण्याचीही गरज नाही. ज्यांना पावसाळ्यात गोळीशिवाय दिवस निघत नाही, त्यांना हीच सोयीची.

डॉक्टरांकडे जाताना रिपोर्टसोबत एक कागदही न्या: शिंका कधी येतात? अंथरूण झटकताना, माळ्यावर चढल्यावर, की आंब्याला मोहोर आल्यावर?