जुन्या बसच्या फिरत्या घरात स्प्लिट एसी कसा बसवावा

घरगुती एसी स्थिर भिंतीसाठी बनवलेला असतो. बसमध्ये त्याला तापलेला पत्रा आणि सततचे हादरे या दोन्हींशी झुंजावे लागते. त्यामुळे एसी विकत घेण्याआधी छताकडे बघा.

आतला लायनर काढून छताला आणि बाजूंना किमान २५ मिमी नायट्राइल फोम (उष्णता रोखणारा रबरी फोम) चिकटवा. पत्र्यामागच्या लोखंडी फासळ्याही झाकायला हव्यात. त्या उघड्या राहिल्या तर फोमला वळसा घालून उष्णता त्यांच्यातून आत येते. काचांना चंदेरी पडदे लावा. एवढे करूनही ३० फुटी अख्खी बस थंड करायला जाऊ नका. झोपण्याच्या १०-१२ फुटांना पार्टिशन घातले की १ टनाचा इन्व्हर्टर एसी पुरतो.

आउटडोअर युनिट मागच्या बाजूला बसवा, पण सायलेन्सरपासून दूर आणि आणीबाणीचा दरवाजा मोकळा ठेवून. डिकीत कोंबलेले युनिट स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढते आणि भर दुपारी ट्रिप होते. ब्रॅकेट पत्र्याला नव्हे, चासीला किंवा बॉडीच्या मुख्य चौकटीला जोडा. युनिटच्या चारही पायांखाली रबर माउंट आणि वर नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, हादऱ्याने न सुटणारे) हवेतच. साधे नट खड्ड्यांच्या रस्त्यावर सैल होतात.

इनडोअर युनिट त्याच मागच्या भिंतीवर घ्या. भोक ६५ मिमीचे, बाहेरच्या बाजूला किंचित उतरते. पत्र्याची धार पाइप कापते, म्हणून भोकात पीव्हीसी स्लीव्ह घालून कडा पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटने बुजवा. युनिटच्या पाइपची शेपटी बाहेर काढून फ्लेअर जोड (तांब्याच्या पाइपचे टोक फाकवून नटाने आवळलेला जोड) बसबाहेरच करा. एसीतला आर-३२ गॅस मंद ज्वलनशील आहे. झोपायच्या बंद जागेत गळती नको.

दोन्ही युनिटमधले अंतर फूटभर असले तरी पाइप कंपनीने सांगितलेल्या किमान लांबीपेक्षा, साधारण ३ मीटरपेक्षा, आखूड करू नका. उरलेल्या पाइपचे आडवे वेटोळे आउटडोअरमागे ठेवा. हादरे तेच झेलते. वेटोळे उभे केले तर त्यात तेल साचते. फ्लेअर नट टॉर्क रेंचनेच (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळा: पाव इंचीला साधारण १६ न्यूटन-मीटर.

मग नायट्रोजन भरून साबणाच्या पाण्याने जोड तपासा. ऑक्सिजन कधीही वापरू नका, स्फोट होतो. व्हॅक्यूम पंपाने पाइपमधली हवा काढून ५०० मायक्रॉनपर्यंत (निर्वात मोजायचे एकक; जितके कमी तितके चांगले) उतरा, पंप बंद करून १५ मिनिटे थांबा. आकडा १००० च्या वर गेला तर गळती आहे किंवा ओलावा उरला आहे. तोपर्यंत पाइपमध्ये गॅस सोडू नका. हे काम परवानाधारक मेकॅनिककडूनच करून घ्या.

इनडोअर युनिटचे पाणी बाहेर नेणारा ड्रेन पाइप दोन्ही दिशांना काढता आला तर उत्तम. बस उतारावर उभी राहिली की एकाच बाजूच्या ड्रेनमधून पाणी उलटे फिरून अंथरुणावर टपकते.

विजेचा हिशेब असा: रात्रीचे ८ तास, सरासरी ४५० वॅट, म्हणजे ३.६ युनिट वीज, बॅटरीवरून एसीला वीज देणाऱ्या इन्व्हर्टरचा तोटा धरून ४.१. त्यासाठी २४ व्होल्ट २०० एएच (अँपिअर-तास) लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी पुरते. ट्युब्युलर (शिसे-आम्लाच्या) घेतल्यास १२ व्होल्ट २०० एएचच्या चार लागतील, आणि एकेकीचे वजन ६० किलोच्या वर! इन्व्हर्टर ३ केव्हीएचा, प्युअर साइन वेव्ह हवा. केबल ३५ चौ. मिमीची, आणि १५० अँपिअरचा फ्यूज बॅटरीजवळच. तो दूर ठेवला तर मधली केबल शॉर्ट होऊन पेटते आणि फ्यूजला पत्ताही लागत नाही. बॉडी अर्थ करून ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) लावा. इन्व्हर्टरवर न्यूट्रल-अर्थ जोड नसेल तर ही आरसीसीबी ट्रिप होतच नाही. इलेक्ट्रिशियनकडून नीट खात्री करून घ्या.

बसमधल्या अशा बदलांना आरटीओची मंजुरी लागते; वेल्डिंग सुरू होण्याआधी अर्ज करा. पहिल्या १०० किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा आवळा, जोड साबणाने पुन्हा बघा. बसमागे उडणारी धूळ आउटडोअर युनिटच्या कंडेन्सरच्या जाळीत गच्च बसते, म्हणून प्रत्येक लांब प्रवासानंतर एसी बंद करून ती साध्या पाण्याने धुवा.