लोहचुंबकावर भरवसा नको: कमी निकेलचं स्टेनलेस घेताना या चुका टाळा

सोलापुरात जिन्याचं रेलिंग करून घेणारा माणूस खिशात लोहचुंबक घेऊन दुकानात येतो. चिकटला नाही, म्हणजे माल ‘तीनशे चार’, म्हणजे जास्त निकेलच्या ग्रेडचं स्टेनलेस! सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. ‘दोनशे दोन’ किंवा ‘जे-फोर’ या कमी निकेलच्या ग्रेडनाही चुंबक चिकटत नाही, कारण निकेलचं काम तिथे मँगनीज आणि नायट्रोजन करतात. ३०४ मध्ये निकेल साधारण ८ ते १०.५ टक्के असतं, २०२ मध्ये ४ ते ६, आणि जे-फोरमध्ये जेमतेम एक टक्का. उलट ४३० या स्टेनलेसच्याच ग्रेडला चुंबक घट्ट चिकटतो, म्हणून ते काही बनावट नव्हे. ओळख पटवायची तर टेस्टिंग लिक्विडचा थेंब टाकून रंग बघा. मोठी खरेदी असेल तर स्पेक्ट्रो टेस्टच (कोणता धातू किती टक्के, हे यंत्रावर मोजणं) करून घ्या.

कमी निकेलचं स्टील वाईट नाही, हे मी ठामपणे सांगेन. ताकदीला ते ३०४ पेक्षा सरसच असतं. घरातलं रेलिंग, खुर्च्या, रॅक, कोरडे डबे यांसाठी जास्त पैसे घालायची गरज नाही.

चूक होते ती जागा निवडताना. बोअरचं खारं पाणी साठवायची टाकी, ब्लीचिंग पावडरने धुतली जाणारी मोरी, लोणच्याची बरणी इथे क्लोराइड असतो. तो पृष्ठभागावरचा क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर भेदतो आणि सुईच्या टोकाएवढे खड्डे पाडतो. आपल्याकडच्या चादर-टॉवेलच्या डाइंगमध्ये तर रिअॅक्टिव्ह रंगाबरोबर मीठ पडतं, तेही गरम पाण्यात. तिथे २०२ ची टाकी बसवणं म्हणजे पैसे पाण्यात. ३०४ सुद्धा तिथे कमी पडू शकतं. मॉलिब्डेनम असलेलं ३१६ घ्या.

नव्या रेलिंगवर तांबूस ठिपके दिसले की लगेच दुकानदाराशी भांडू नका. आधी ठिपका घासून बघा. पुसला गेला आणि खाली खड्डा नसेल, तर बहुधा लोखंड कापलेल्याच ग्राइंडरच्या चकतीने स्टील घासलंय आणि लोखंडाचे कण रुतलेत. स्टेनलेसची चकती आणि ब्रश वेगळाच ठेवायला सांगा. ठिपके फक्त सांध्याजवळ असतील तर वेल्डिंगचा निळा-काळा डाग तसाच राहिलेला असतो. तो पिकलिंग पेस्टने (आम्ल असलेल्या लेपाने) काढून भरपूर पाण्याने धुवावा लागतो.

भांडी बनवणाऱ्यांची अडचण वेगळी. खोल ओढलेलं भांडं प्रेसवरून धड उतरतं आणि काही तासांनी, कधी काही दिवसांनी काठाला उभी चीर जाते. डायला (साच्याला) दोष देण्याआधी पत्र्याचा ग्रेड विचारा. कमी निकेलचं स्टील दाबताना झपाट्याने कडक होतं आणि आतला ताण नंतर चीर पाडतो. एका दमात ओढू नका, मध्ये अॅनिलिंग करा, म्हणजे तापवून मऊ करून घ्या.

आणि बिलावर नुसतं ‘एस.एस.’ लिहून देत असतील तर घेऊ नका. ग्रेडचा आकडा लिहून मागा, सोबत स्टील बनवणाऱ्या मिलचं टेस्ट सर्टिफिकेटही. त्यात निकेल आणि मँगनीज हे दोन आकडे आधी वाचा.